अण्णाभाऊंनी ज्या स्टालिनग्राडचा पवाडा लिहिला, तिथं आज उभी आहे २८० फुटांची आई

१ ऑगस्टला गावोगावी अण्णाभाऊ साठे यांची जयंती होते. भाषण करणारा कुणीही असो, एक वाक्य हमखास येतं : अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पवाडा लिहिला. टाळ्या पडतात, भाषण पुढं सरकतं. मागं एका कार्यक्रमानंतर अकरावीतल्या एका पोरानं मला सरळ विचारलं, "काका, स्टालिनग्राड हे गाव आहे की माणूस?" प्रश्न रास्त होता. पवाड्याचं नाव सगळ्यांना पाठ, पण तिथं घडलं काय, हे सांगायला कुणी थांबत नाही.

तर स्टालिनग्राड हे शहर आहे, रशियात. व्होल्गा नदीच्या पश्चिम काठाला लांबच लांब पसरलेलं. त्या शहरात एक टेकडी आहे आणि टेकडीवर तलवार उपसलेल्या एका बाईचा पुतळा आहे. तलवारीच्या टोकापर्यंत उंची ८५ मीटर, म्हणजे २८० फुटांच्या आसपास. पुतळ्याचं नाव आहे 'मातृभूमी हाक मारतेय'. युद्धाच्या स्मारकावर उभं केलेलं देशभक्तीचं शिल्प म्हटलं की जगात ज्यांची नावं पहिली घेतली जातात, त्यातलं हे एक. आज त्याची माहिती घेऊ. मी तिथं गेलेलो नाही, जाण्याचा योगही दिसत नाही. पण या पुतळ्याबद्दल आणि त्याच्या खालच्या मातीबद्दल जे वाचलं, त्यानं मला शेतकरी म्हणून जास्त धरून ठेवलं.

२०० दिवसांची लढाई

दुसरं महायुद्ध चालू होतं. हिटलरच्या जर्मन फौजा रशियात, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये, आत खोलवर घुसल्या होत्या. त्यांना दक्षिणेकडचं तेल पाहिजे होतं आणि व्होल्गा नदीवरची वाहतूक तोडायची होती. वाटेत हे शहर. शिवाय शहराला सोव्हिएत नेता स्टालिन याचं नाव, त्यामुळं दोन्ही बाजूंच्या इभ्रतीचा प्रश्न होऊन बसला.

१७ जुलै १९४२ ला लढाईला तोंड लागलं. २३ ऑगस्टला जर्मन विमानांनी शहरावर बॉम्बचा पाऊस पाडला आणि शहर जवळपास जमीनदोस्त केलं. पुढं महिनोन्महिने घराघरातून, जिन्याजिन्यावरून, कारखान्याच्या एकेका शेडसाठी लढाई झाली. वरच्या मजल्यावर एकाची फौज आणि खालच्या मजल्यावर दुसऱ्याची, असेही प्रकार झाले. नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत फौजांनी बाहेरून दोन बाजूंनी येऊन जर्मनांनाच वेढा घातला. वर रशियातली थंडी, खायला काही नाही. २ फेब्रुवारी १९४३ ला उरलेल्या जर्मनांनी शस्त्रं खाली ठेवली. सुमारे ९१ हजार जर्मन कैद झाले. त्यातले पाच-सहा हजारच पुढं घरी परतले.

सोव्हिएत बाजूचे ४ लाख ७८ हजारांवर सैनिक मेले किंवा बेपत्ता झाले. दोन्हीकडचे मेलेले, जखमी आणि कैद झालेले धरले तर आकडा २० लाखांच्या घरात जातो. एका लढाईत. इथून जर्मन फौजांची पीछेहाट सुरू झाली ती थेट बर्लिनपर्यंत.

मुंबईतल्या कामगार वस्तीत या लढाईच्या बातम्या पोचत होत्या. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १९२० साली जन्मलेला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला, बापाबरोबर पायी मुंबईला गेलेला, गिरणीत काम केलेला तरुण त्या ऐकत-वाचत होता. त्यातून १९४३ च्या सुमारास पवाडा उभा राहिला. सिंहगडासाठी जी चाल, जो डफ आपण ऐकला, तोच डफ व्होल्गाकाठच्या कामगारांसाठी वाजला. मला वाटतं, पवाड्याला परकं असं काही नसतंच. लढणारा गरीब असला की पवाड्याला तो आपला वाटतो. पवाडा पुढं रशियन भाषेत गेला, १९६१ साली अण्णाभाऊ स्वतः रशियाला जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात त्यांचा पुतळाही बसला. म्हणजे आपल्याकडचा एक पुतळा तिकडं आहे. आता तिकडच्या पुतळ्याकडं वळू.

गवत न उगवलेली टेकडी

टेकडीचं नाव ममायेव कुर्गान. लष्करी नकाशात तिला 'उंची १०२' म्हणायचे, कारण ती १०२ मीटर उंच. आपल्या सह्याद्रीच्या मानानं टेकाडच. पण आजूबाजूला सपाट, त्यामुळं तिच्यावर ज्याचा ताबा त्याला सगळं शहर आणि नदीचा उतार दिसायचा. म्हणून सप्टेंबर १९४२ पासून जानेवारी १९४३ पर्यंत ही टेकडी कितीदा इकडून तिकडं गेली याची मोजदाद अवघड आहे. २६ जानेवारी १९४३ ला वेढा आवळत आलेली सोव्हिएत फौज आणि आत अडकून लढणारी सोव्हिएत फौज इथंच एकमेकांना भेटली. (तारीख बघा. आपला प्रजासत्ताक दिन व्हायला अजून सात वर्षं होती.)

लढाई संपल्यावर तिथल्या जमिनीची तपासणी झाली. दर चौरस मीटरला ५०० ते १,२५० लोखंडाचे तुकडे सापडले. बॉम्बचे, तोफगोळ्यांचे, गोळ्यांचे. आपल्या हिशोबात बसवून बघा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला ५० हजार ते सव्वा लाख तुकडे! नांगर घालायचा म्हटलं तर फाळ मातीला नाही, लोखंडालाच लागणार. त्या हिवाळ्यात सगळीकडं बर्फ पडला तरी स्फोटांमुळं टेकडी काळीच राहिली आणि पुढच्या वसंतात तिच्यावर गवत उगवलं नाही. कुसळसुद्धा नाही. पडीक माळावरही पहिल्या पावसानंतर हिरवं लव येतं, हे आपण दर जूनला बघतो. त्यामुळं बाकी सगळे आकडे विसरलो तरी ही एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या मातीवर स्मारक करायचं ठरलं. १९५९ साली काम सुरू झालं, १५ ऑक्टोबर १९६७ ला उद्घाटन झालं. शिल्पकार येवगेनी वुचेटिच, स्वतः याच महायुद्धात लढून जखमी झालेला. पुतळा उभा राहील की पडेल याची जबाबदारी इंजिनियर निकोलाय निकितिनवर. मॉस्कोचा ५४० मीटरचा टीव्ही टॉवरही याच निकितिनचा.

आई बोलावते कुणाला?

पुतळ्याचा फोटो बघितलात तर पहिल्यांदा तलवार दिसते. पण नीट बघा. उजवा हात तलवारीसह वर आहे, डावा हात मागं पसरलेला आहे आणि मान मागं वळलेली. तोंड उघडं आहे. म्हणजे शत्रू समोर आहे आणि ती मागं बघून ओरडतेय, "या रे, चला!" एक पाय पुढं पडलाय, अंगावरचं वस्त्र वाऱ्यानं उडतंय. शत्रूचा पुतळा कुठंच नाही, आणि पोरांचाही तिच्याजवळ नाही. बघणारा पायऱ्या चढून वर येतो तेव्हा तिनं हाक मारलेलं पोर तोच होतो. शिल्पकाराची ही युक्ती मला फार आवडली. १९४१ सालीच सोव्हिएत भिंतींवर अशाच नावाचं एक पोस्टर लागलं होतं, त्यात आईच्या हातात सैनिकी शपथेचा कागद होता. पोस्टरमधली ती आई इथं टेकडीवर आली आणि तिच्या हातात तलवार आली.

चेहरा कुणाचा, यावर तिकडं बरेच दावे आहेत. आपल्याकडंही पुतळ्याच्या चेहऱ्यावरून कमी वाद होत नाहीत, तेव्हा त्यात पडायला नको.

वर जायला २०० पायऱ्या आहेत, लढाईच्या २०० दिवसांच्या. वाटेत पाण्यातून वर आलेल्या एका उघड्या अंगाच्या सैनिकाचं दगडी शिल्प लागतं. एका हातात बंदूक, दुसऱ्यात हातबॉम्ब. त्याचा चेहरा इथल्या ६२ व्या आर्मीचा सेनापती वासिली चुइकोव याच्यासारखा आहे. हा सेनापती १९८२ साली वारला. मोठमोठ्या सोव्हिएत सेनानींना मॉस्कोत क्रेमलिनच्या भिंतीशी जागा मिळायची, पण त्यानं सांगून ठेवलं होतं की मला माझ्या पोरांजवळ पुरा. म्हणून त्याची कबर या आईच्या पायाशी आहे. आसपास ३४,५०५ सैनिक सामुदायिक कबरीत आहेत. पर्यटक फोटो काढतात ती जागा म्हणजे खरं तर एक दफनभूमी आहे.

पुढं एक गोल दालन. मधोमध जमिनीतून एक भला मोठा हात वर आलाय आणि हातात अखंड ज्योत. भिंतीवर ३४ लाल झेंडे आणि त्यावर ७,२०० नावं. मेलेल्यांच्या मानानं ही नावं काहीच नाहीत, पण सगळी लिहायला भिंतही पुरली नसती. या दालनात हलकं संगीत चालू असतं. ते कुणाचं? रॉबर्ट शुमान या जर्मन संगीतकाराचं! ज्या जर्मनांशी लढून ही माणसं मेली, त्याच देशातल्या माणसानं शंभर वर्षं आधी रचलेली एक शांत धून. मी हे वाचलं तेव्हा दोनदा खात्री करून घेतली. खरं आहे.

दालनातून बाहेर आलं की आणखी एक आई भेटते. हिच्या हातात तलवार नाही. मेलेल्या पोराला मांडीवर घेऊन ती खाली वाकलीय, पोराचं तोंड झेंड्यानं झाकलंय. समोर पाण्याचं तळं. तिच्या अंगणातून, तिला बघूनच, वर तलवारवाल्या आईकडं जावं लागतं. वरची आई पोरांना बोलावते आणि बोलावल्यावर काय होतं ते खालची दाखवते. फोटोत मात्र बहुतेक वेळा वरचीच येते.

आपल्याकडं जिथं घरटी एक फौजी आहे तिथल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात गेली, त्याचा स्तंभ गावात आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना मरण आलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक रायगडमध्ये माणगावला आहे. पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात जुन्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते : या गावातून अमुक माणसं महायुद्धाला गेली, अमुक परत आली नाहीत. बऱ्याच ठिकाणी त्या पाटीवर आता चुना मारलाय, नाहीतर तिच्यापुढं पोती रचलीत.

पाया मातीचा, आणि माती चिकणी

आता माझ्या आवडीचा भाग. हा पुतळा काँक्रीटचा आहे, आतून पोकळ. एकूण वजन सुमारे ८,००० टन. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत २० टन ऊस धरला तर ४०० खेपा. साडेपाच हजार टन काँक्रीट आणि २,४०० टन लोखंड. भिंतीची जाडी मात्र फक्त २५ ते ३० सेंटीमीटर, म्हणजे फूटभरच. आत मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे केलेत आणि ९९ लोखंडी दोर ताणून बांधलेत. ते दोर सारखे ताण धरून असतात, म्हणून एवढ्या पातळ भिंतीत ही बाई उभी आहे. घराचा स्लॅब एका दमात टाकावा लागतो, मध्ये खंड पडला की तिथं सांधा राहतो आणि पुढं गळती लागते, हे ज्यानं घर बांधलंय त्याला ठाऊक आहे. इथंही काँक्रीट एकामागून एक, खंड न पडू देता ओतायला लागलं.

सगळ्यात नवल म्हणजे पुतळा पायाला बांधलेलाच नाही. खाली १६ मीटर खोल काँक्रीटचा पाया, त्यावर एक पातळ थर, आणि त्यावर पुतळा नुसता ठेवलाय. बुद्धिबळाच्या पटावर मोहरा ठेवतात तसा. स्वतःच्या वजनावर उभा.

तलवारीनं मात्र सुरुवातीला त्रास दिला. ३३ मीटर लांब, १४ टन वजन. आधी ती स्टीलचा सांगाडा करून वर टायटॅनियमचे पत्रे मारून केली होती. वारा सुटला की तलवार हलायची आणि पत्रे खडखडायचे. पोल्ट्रीवरचा पत्रा वादळात कसा वाजतो, तसंच म्हणा. शेवटी १९७२ साली पूर्ण स्टीलचं नवं पातं बसवलं आणि टोकाकडं भोकं ठेवली, म्हणजे वारा अडून न राहता आरपार जाईल.

पण खरी काळजी वरची नाही, खालची. टेकडीखाली चिकणमाती आहे. काळ्या रानात घर बांधणाऱ्याला हे सांगायला नको. पाणी मिळालं की चिकणमाती फुगते, सुकली की आकसते, आणि उतार असला की हळूहळू सरकते. इथं उतार आहे तो व्होल्गा नदीकडं. जमिनीतल्या पाण्याची पातळी बदलत गेली आणि पुतळा हळूहळू सरकायला लागला. २००९ च्या सुमारास ही बातमी जगभर गाजली. सुमारे २० सेंटीमीटर सरकल्याचं तेव्हा सांगितलं जात होतं आणि इंजिनियरांनी धरलेली मर्यादा २७ सेंटीमीटरच्या आसपास होती. त्यानंतर मोठी दुरुस्ती निघाली. भेगा बुजवल्या, तलवारीचंही काम केलं. २०२० मध्ये युद्धविजयाला ७५ वर्षं झाली त्या वेळेपर्यंत ते पुरं झालं. पुतळा बांधायला आठ वर्षं लागली. सांभाळायचं काम पन्नास वर्षांवर चालूच आहे आणि ते कधी संपणारही नाही.

आपल्याकडं उद्घाटनाला मंडप असतो, वर्षभरानं चौथऱ्यावरची फरशी निघालेली असते. आमच्या भागातल्या एका हुतात्मा स्मारकाच्या आवारात मी स्वतः सोयाबीन वाळत घातलेलं पाहिलंय. वाळत घालणाऱ्याला तरी काय बोलणार? खळं नाही, रस्त्यावर घातलं तर गाड्या जातात.

उद्घाटन झालं तेव्हा हा जगातला सगळ्यात उंच पुतळा होता. आता तो मान आपल्याकडं आहे. गुजरातमधला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावच्या राम सुतार यांच्या हातचा. पण उंचीची शर्यत ही मला फारशी कामाची गोष्ट वाटत नाही.

एकाच शिल्पकाराच्या तीन तलवारी

वुचेटिचनं तलवार आणखी दोन ठिकाणी केलीय. बर्लिनमध्ये १९४९ साली झालेल्या स्मारकावर त्याचा सोव्हिएत सैनिक उभा आहे. त्याच्या एका हातात लहान जर्मन पोरगी आहे आणि दुसऱ्या हातातली तलवार खाली टेकवलेली. तिसरं शिल्प न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या बागेत, १९५९ साली सोव्हिएत युनियननं भेट दिलेलं. त्यात एक दणकट माणूस हातोडा उगारून तलवार ठोकतोय आणि तिचा नांगराचा फाळ करतोय. वय बघितलं तर हा फाळ आधीचा आहे. स्टालिनग्राडची आई त्यानंतर आठ वर्षांनी तलवार घेऊन उभी राहिली.

आणि आता यातला अवघड भाग. युक्रेनची राजधानी कीव्हमध्येही अशीच एक मातृभूमी आहे, एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल. तिचं कामही वुचेटिचनंच सुरू केलं होतं. तो १९७४ साली वारला, दुसऱ्या शिल्पकारानं ते पुरं केलं आणि १९८१ साली ती उभी राहिली. तेव्हा रशिया आणि युक्रेन एकाच देशात होते. स्टालिनग्राडच्या मातीत रशियन पोरं आहेत तशी युक्रेनीही आहेत, एकाच लाल फौजेत लढलेली. २०२२ पासून हे दोन देश एकमेकांशी लढतायत. ऑगस्ट २०२३ मध्ये कीव्हच्या आईच्या ढालीवरचा विळा-हातोडा काढून तिथं युक्रेनचं त्रिशूळ बसवलं. तिकडं व्होल्गाकाठी दरवर्षी विजयदिनाला लोक फुलं घेऊन टेकडी चढतात. दोन्ही आया उभ्या आहेत, दोघींच्या हातात तलवार आहे, आणि दोघींची पोरं एकमेकांवर बंदुका रोखून आहेत. यात बरोबर कोण, चूक कोण, यावर चावडीवर वाद घालायला हरकत नाही. पण एवढं खरं की दगड-काँक्रीटच्या आईला कुणाला हाक मारायची हे स्वतः ठरवता येत नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. मोबाईलवर शोधताना नकाशात 'स्टालिनग्राड' टाकलं तर गोंधळ होईल, कारण १९६१ साली शहराचं नाव बदलून व्होल्गोग्राड केलं. अण्णाभाऊ रशियाला गेले तेच ते वर्ष. २०१३ पासून वर्षातले काही ठरावीक दिवस शहर जुनं नाव लावतं, त्यात २ फेब्रुवारी आहे, आणि २०२५ मध्ये तिथल्या विमानतळाला स्टालिनग्राड नाव दिलं. तेव्हा नकाशात व्होल्गोग्राड टाका, मग ममायेव कुर्गान. वरून बघताना नदीच्या बाजूनं सरळ वर येणारी पायऱ्यांची रेघ दिसेल. रेघेच्या शेवटी लांब सावली पडलेली दिसली, तर ती तलवारीची.